तीळ कुठल्या गालावर

...अगं थांब, तू भिंतीपाशी कुठं पोचलीस एवढ्यात? मिस्त्री अजून खड्ड्यात पडायचे आहेत, मुलगा यायचा आहे, आणि तू भिंत लिहून मोकळी! राहू दे, खोडू नकोस, खोडलेलं घाण दिसतं. त्याच्या खाली लिही. आणि आजी सांगते तसंच लिही हं, शाळेतले शब्द घालू नकोस मध्ये.

तर चिमटी. आपल्या भिंतीला भिंत लावून जिचं घर आहे ती. लहानपणी तुझा गाल ओढायची म्हणून तू पळायचीस बघ तिला बघून. खरं नाव वेगळं, पण ते घेतं कोण? कारखान्यात दिवसभर हातात चिमटा, म्हणून चिमटी. आणि एकदा बोलणं ऐकलंस तर म्हणशील, नाव ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलंय.

तो कारखाना फरशीच्या तुकड्यांची चित्रं करायचा. पोहायच्या तलावाच्या तळाला मासे असतात, हॉटेलच्या भिंतीवर वेली, दवाखान्याच्या दारात उगवता सूर्य, तसली. आता ती करतात कशी ते आधी ऐक, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल तुझ्या. बायका लांब टेबलांना बसायच्या. समोर जाड कागद, कागदावर चित्र काढलेलं, पण उलटं. पक्कडीनं फरशीचा तुकडा तोडायचा, चिमट्यानं धरून त्याच्या रंगीत तोंडाला खळ लावायची, आणि तोंड खाली करून तो कागदावर चिकटवायचा. म्हणजे वरून बघशील तर नुसत्या पाठी, सगळ्या एकजात मातकट. मग पुरुष माणसं तो अख्खा कागद उचलून भिंतीवरच्या ओल्या सिमेंटात दाबायची. तुकडे आत, कागद वर. सिमेंटानं तुकडे धरले की कागद भिजवायचा आणि सोलून काढायचा. तेव्हा कुठं चित्राचं तोंड दिसायचं, आणि ते सुलटं झालेलं असायचं. बायकांनी जन्मभर चित्रं केली आणि बघितल्या त्या पाठी. रांधायचं एकीनं आणि चव दुसऱ्यानं घ्यायची, त्यातला प्रकार.

त्यामुळं त्या बायकांच्या हाडात एक गोष्ट मुरलेली. कुठलंही चित्र हाताला आलं, की आधी कागद पालथा घालायचा आणि मागून गिरवून ते उलटं करून घ्यायचं. त्याशिवाय तुकड्याला हात नाही लावायचा. चिमटी म्हणायची, "मला झोपेतून उठवून चित्र द्या. आधी उलटं करीन, मग डोळे उघडीन." हे लक्षात ठेव. याच्यावरच सगळं अडणार आहे पुढं.

मिस्त्री भिंतीवरचे. हात असा, की त्यांनी बसवलेल्या भिंतीवरून तळवा फिरवावा आणि कुठं अडकू नये. पण तोंड तापट. एकदा बायकांच्या खोलीत आले ते ओरडतच. "तो मासा कुणी केलाय? दोन्ही डोळे एकाच बाजूला!"

चिमटी मान खाली घालून तुकडे तोडत होती. म्हणाली, "तुमच्याकडे वळून बघत असेल, मिस्त्री. घाबरून."

सगळं टेबल हसलं. मिस्त्री रागानं गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मासा नव्हता, काही काम नव्हतं, तरी आले. मग येतच राहिले. बोलायचे तेव्हा हिच्या डोळ्यांत बघायची हिंमत नाही, म्हणून गालावरच्या तिळाकडे बघून बोलायचे. डाव्या गालावर आहे तिच्या तीळ, चांगला उडदाएवढा. लग्न झाल्यावर चिडवायचे तिला, "देवानं काम सफाईनं केलं, पण शेवटी ब्रश झटकला तिथं एक थेंब उडाला." ती म्हणायची, "थेंब उडाला म्हणून तुम्हाला मिळाले. नाहीतर तुमच्या वाट्याला येत होते होय मी?"

लग्नानंतर ती त्यांना "अहो" आणि ते तिला "अगं". नावानं हाक कधी मारलीच नाही, गरजच पडली नाही. भरल्या बाजारात त्यांनी "अगं" म्हटलं की हिचीच मान वळायची. पुढं मला सारखं वाटायचं, एकदा तरी नावानं हाक मारायची सवय असती, तर निदान धरायला दोरी राहिली असती. पण असो.

विसरायला लागले ते हळूहळू. आधी थापीला "ते, ते, ते हे" म्हणायला लागले. मग गल्ली चुकायला लागले. मग पोटचा मुलगा भेटायला आला की उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "या साहेब." आणि एक दिवस सकाळी हिनं चहा आणून ठेवला, तर म्हणाले, "ठेवा बाई तिथं."

तिला वाटलं चेष्टा करतायत. म्हणाली, "बाई? सकाळी सकाळी परकी केलीत का मला?"

तर मिस्त्री इकडं बघतायत, तिकडं बघतायत. "तुम्ही कोण? आणि आमची ही कुठं गेलीय?"

तिथून तिच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

बरं, वेडंवाकडं वागले असते तर एक वेळ सोसलं असतं. हे वागायचे सभ्य! हिनं घास पुढं केला की हात मागं घ्यायचे. "नको बाई. आमची ही येईल, तिच्या हातचं खाईन. परकीच्या हातचं खाल्लेलं कळलं तर रागावेल ती." अर्धं अर्धं ताट परत जायचं. अंगावरचं मांस उतरलं. खोलीत ही झोपायला गेली की उठून बसायचे. हिची गादी उचलून स्वतः बाहेरच्या खोलीत ठेवायचे, नीट, चादर बिदर सारखी करून. "तुम्ही इथं टेका बाई. घरात बायको नाही, बरं दिसत नाही."

चिमटी माझ्याकडे येऊन हसायची आणि हसता हसता पदर तोंडात कोंबायची. "माझ्या नवऱ्यानं मला माझ्याचपायी घराबाहेर काढलं गं! दुसरी सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या तिच्या. इथं सवत पण मीच!"

मी म्हटलं, जुना फोटो दाखव. तिनं दाखवला, काळे केस, भरलेले गाल. मिस्त्री हरखले. "हीच की! कुठं आहे ही?" ती म्हणाली, "अहो, हीच मी." त्यांनी फोटोकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि त्यांना हिची कीवच आली. "बाई, असं बोलू नये. मोठ्या वयाच्या तुम्ही."

किती सांगावं? पालथ्या घड्यावर पाणी.

मग बायकोला शोधायला बाहेर पडायला लागले. दाराची कडी काढायची आणि चालायला लागायचं. ही मागं मागं, चार पावलं अंतर ठेवून, कारण जवळ गेली की "बाई, माझ्या मागं येऊ नका" म्हणून ओरडायचे रस्त्यात. लोक हिच्याकडेच बघायचे. एक दिवस नळासाठी खणलेल्या खड्ड्यात पडले. कपाळ फुटलं, पाय मुरगळला. दवाखान्यात टाके घालून आणलं.

मुलगा आला. गुणी आहे गं तो, वाईट म्हणू नकोस त्याला. दोन खोल्यांत राहतो, ती दोघंही कामाला जातात. आमच्या स्वयंपाकघरात बसून आईला सांगत होता, कारण घरी बापासमोर बोलायची सोय नाही.

"आई, तिकडं एक संस्था आहे. अशा माणसांना सांभाळायला शिकलेली माणसं आहेत तिथं. मी त्यांना घेऊन जातो."

"मग मी पण येते."

"तिथं फक्त अशीच माणसं ठेवतात. आणि आई, रागावू नकोस, पण ते तुलाच बिचकतात. घरात परकी बाई आहे म्हणून जेवत नाहीत, परकी बाई आहे म्हणून बाहेर पळतात."

"परकी मी?"

त्यानं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला का हौस आहे त्यांना न्यायची? त्यांनी तुला ओळखलं, तुझ्या हातचे चार घास खाल्ले, तर कशाला नेऊ? पण हे असं नाही ठेवता येणार. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

तो गेला. चिमटी तिथंच बसून राहिली, कप हातात, चहावर साय धरली तरी.

आणि मग टाके काढायला दवाखान्यात नेलं तेव्हाची गोष्ट. त्या दवाखान्याच्या दारात सूर्य आहे ना तुकड्यांचा, तो यांचाच, तरुणपणी बसवलेला. मिस्त्री लंगडत चालले होते ते थांबले. भिंतीवरून तळवा फिरवला. बोटाच्या पेरानं टकटक केलं, पोकळ आहे का बघायला. आणि म्हणाले, "हा किरण आमच्या हिनं तोडलाय. तिचा तुकडा मला कळतो. एक कड जराशी तिरपी जाते तिची, कितीही ओरडा."

"आणि हे म्हणताना त्यांचं कोपर माझ्या हातात होतं गं," चिमटी मला म्हणाली. "मला विसरले, माझी तिरपी कड नाही विसरले. माणसं गेली त्यांची, तुकडे राहिलेत. मग मी पण तुकड्यांतच जाते. माझं तोंड करते आणि लावते भिंतीवर. त्यांनी ते ओळखलं, की बाजूला जाऊन उभी राहते. मग कसं म्हणतील, बाई तुम्ही कोण?"

मला ते पटलं आणि नाही पण पटलं. पण दुसरं सुचत होतं काय? हात टेकलेल्या माणसाला कुठलीही भिंत आधाराचीच.

मी म्हटलं, "मग काळ्या केसांची कर. फोटोतली कर. ती ओळखतातच ते."

"जुनी ओळखतात, म्हणूनच तर तिला शोधत हिंडतात. आत्ताचीच ओळखायला हवी मला."

मोरीत पोतं होतं उरलेल्या फरश्यांचं, ते ओढून काढलं. मिस्त्री आपल्या ओट्यावर, तुझ्या आजोबांबरोबर पत्ते खेळत. म्हणजे आजोबा खेळायचे आणि मिस्त्री पत्त्यांची भिंत लावत बसायचे, एकाला एक कड जुळवून.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. काकणाला नसेल लागत, तोंडाला लागतो. कपाटाच्या आरशासमोर बसली, एक डोळा मिटला आणि साबणाच्या वडीनं आरशावरच आपल्या तोंडाभोवती रेघ ओढली. मग मागं सरकली आणि बघतच राहिली. तोंड उमटलेलं बशीएवढं!

"एवढंसंच आहे का गं माझं तोंड? आणि बोलते केवढी!"

मग पातळ कागद लावून ते गिरवून घेतलं, चौकटी आखून ताटाएवढं मोठं केलं, कारखान्यात करायचे तसं. आणि पुढं रोज आरशात बघायचं आणि कागदावर रेघ मारायची. "हनुवटी एवढी खाली कधी उतरली गं? मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "तू सगळ्यांना सांगतेस, तुला कोण सांगणार?"

चित्र झालं. हातानं आपोआप कागद पालथा घातला, मागून गिरवलं, उलटं करून घेतलं. मी समोरच होते. मला काय कळतंय त्यातलं? आणि तिला कळत होतं म्हणूनच तिनं ते केलं.

मग तुकडे. गालाला बिस्किटाच्या रंगाची न्हाणीघराची फरशी, केसांना पांढरी, भुवयांना राखाडी. तिळाला एकच काळा, तो घासून घासून गोल केला. आणि सुरकुत्या कशानं करतेस म्हटलं, तर म्हणाली, "सुरकुतीला तुकडा नाही लागत. फट लागते. दोन तुकडे जरा लांब ठेवायचे, झाली सुरकुती."

भिंतीवर तिनं आयुष्यात काही बसवलं नव्हतं. ते पुरुषांचं काम. तरी शनिवारी सकाळी दाराजवळची भिंत छिन्नीनं टोचून घेतली, भिजवली, सिमेंट लावलं. मिस्त्री कडी काढायला उभे राहतात ना, बरोब्बर तिथं, त्यांच्या डोळ्यांसमोर. कागदाचं एक टोक मी धरलं, एक तिनं. दाबला, थोपटला. मग थांबलो. मग ओल्या फडक्यानं कागद भिजवत भिजवत सोलला.

आणि आतून ती आली. कपाळ, मग डोळे, मग तोंड. तुला खोटं वाटेल, पण माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर पाठी बघितलेल्या बाईनं स्वतःचं तोंड तेवढं बघितलं.

"हीच," ती म्हणाली. "रोज आरशात बघते ती हीच."

मला काहीतरी खटकत होतं हं. पण काय ते कळेना. सुरकुत्या होत्या, तीळ होता, नजर तिचीच. म्हटलं, सिमेंट ओलं आहे, वाळलं की बसेल डोळ्याला.

दुपारी ओट्यावरून मिस्त्रींना घरी आणलं. काठी टेकत टेकत आले, दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले. चिमटीनं माझं मनगट धरलेलं, नखं रुतली माझ्या हातात. मिस्त्रींनी आधी तळवा फिरवला. मग टकटक केलं. "पोकळ नाही," म्हणाले. मग दोन पावलं मागं आले आणि बघितलं.

"अरे! ही तर आमची ही!"

चिमटीच्या तोंडातून हुंदकाच फुटला. पण मिस्त्रींचं संपलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठ्या.

"पण कुठल्या गाढवानं ही उलटी बसवलीय? हिचा तीळ या गालावर आहे. या! मी रोज बघतो!" आणि दुसऱ्या गालावर ठणाठण बोट मारायला लागले. "चेष्टा आहे काय? बायकोचं तोंड आहे माझ्या!"

मग वळले हिच्याकडे. "बाई, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"आमच्या हिला कुठं बघितलंत?"

तिनं नुसतं आपल्या गालावर बोट ठेवलं, तिळावर. मिस्त्री वाकले. अगदी जवळ येऊन बघितलं.

"अरेच्चा," म्हणाले, "तुम्हालाही आहे वाटतं." आणि सरळ झाले. "असतो बऱ्याच जणांना."

चिमटी आतल्या खोलीत गेली, आरशात बघून आली, भिंत बघितली, परत आरशाकडे गेली. आणि मटकन खालीच बसली. "आरशानं एकदा उलटं केलंच होतं गं मला. तिथंच थांबले असते, तर भिंतीवर सुलटी आले असते. पण हात मेला ऐकतोय थोडाच! मी पुन्हा उलटं केलं, आणि भिंतीनं आणखी उलटं केलं. मला कशी कळणार चूक? मला मी अशीच दिसते!"

म्हणजे बघ, सगळ्या जगात ही चूक पकडू शकेल असा एकच माणूस. आणि त्यानं ती पकडली. आणि पकडून काय, तर बाई तुम्ही कोण!

पण खरी गंमत पुढं. मिस्त्रींनी बाह्या वर केल्या. थापीचं नाव आठवत नव्हतं, पण हात कोनाड्यात गेला आणि थापी घेऊनच आला. छिन्नी, हातोडी. स्टूल मागवलं, पाय दुखरा होता ना. मी म्हटलं, "एवढा तीळ उपटा आणि तिकडं लावा की." माझ्याकडे असं बघितलं त्यांनी! "एक तुकडा हलवला की शेजारचे पण हलतात, वहिनी." दोन्ही गाल खणून काढले. चिमटी खाली बसली तुकडे तोडायला. न सांगता. ते हात पुढं करायचे, ही त्यात तुकडा ठेवायची. मी उठून घरी आले, मला तिथं बसवेना.

रविवारी मुलगा आला गाडी घेऊन. बघतो तर काय, बाप स्टुलावर, आई खाली, आणि भिंतीवर आईचं बिनगालाचं तोंड. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"बाबा, निघायचंय आपल्याला."

"साहेब, काम उलटं झालंय. ते सुलटं केल्याशिवाय मी हलत नाही. माझं नाव खराब होईल."

मुलगा आईकडे बघायला लागला. आई तुकडाच घासत होती, मान वर नाही. तो बाहेर जाऊन फोनवर काहीतरी बोलला, रजा वाढवली असणार, आणि ओट्यावर बसून राहिला.

दुपारी मिस्त्रींचे दोन्ही हात सिमेंटानं भरलेले. हिनं भात कालवला आणि घास पुढं केला. कामावरच्या माणसाचे हात भरलेले असले की कोण भरवतं ते तो बघत नाही. मिस्त्रींनी आ केला. खाल्ला. आणखी एक खाल्ला. ताट संपलं. दारातून मुलगा बघत होता.

"आई," हळूच म्हणाला, "खातायत की गं!"

"खातायत," ती म्हणाली. आणि तेव्हा तिला कळलं, की हे काम चाललंय तोवर सगळं आहे. काम संपलं की संपलं.

मग काय केलं असेल तिनं? वाईट तुकडे तोडायला लागली. ती! जी न बघता तोडायची! एक मोठा, एक वेडावाकडा, एकाला कपचीच उडालेली. मिस्त्री परत फेकायचे, ही दुसरा तोडायची, त्याहून वाईट.

"नवीन आहात काय बाई?"

"हो. शिकतेय."

"आमच्या हिच्याकडून शिका. डोळे मिटून तोडते."

"कुठं आहे तुमची ही?"

"असेल आत टेबलाला. येईल." आणि मग थोडं थांबून, हसून म्हणाले, "तोंडाची फटकळ आहे हं. सांभाळून."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि मुद्दाम आणखी एक वाईट तुकडा दिला. तो दिवस तसा काढला तिनं. दुसऱ्या दिवशीची सकाळ पण काढली. पण किती काढणार? गालाला तुकडे लागतात तरी किती? शेवटी मिस्त्री वैतागले, "द्या इकडं," म्हणाले, पक्कड तिच्या हातातून घेतली आणि उरलेले स्वतःच तोडून बसवले. तीळ सगळ्यात शेवटी. तो बोटावर घेतला, त्याच्यावर फुंकर मारली, आणि हलक्या हातानं दाबला. मग पांढरं सिमेंट फटींत भरलं, स्पंजनं पुसलं. सुरकुत्यांच्या फटी मात्र नुसत्या अर्ध्याच भरल्या, बुजवल्या नाहीत. ते तिनं सांगितलं नव्हतं त्यांना.

मागं सरकून बघितलं. "झालं," म्हणाले.

आणि ते "झालं" तोंडातून निघालं, तसं चेहऱ्यावरचं काहीतरी गेलंच. दिवा मालवतो ना आपण, तसं. हात धुतले, बाह्या खाली केल्या, बटणं लावली. हिच्याकडे वळून म्हणाले, "बरंय बाई, निघतो. घरी बायको एकटी आहे."

तिनं हात धरला त्यांचा. धरायला नको होता, पण धरला. "अहो, मी! मीच ना! बघा तरी!"

"ओ बाई! हात सोडा! कुणी आहे का इथं? साहेब!"

मुलगा धावत आला. त्यानं आईची बोटं सोडवली, एकेक करून. रडत होता तो पण. बापाला म्हणाला, "चला, मी सोडतो तुम्हाला घरी." मिस्त्री लहान मुलासारखे निघाले त्याच्याबरोबर. पळणं नाही, नको म्हणणं नाही. घरीच चालले होते ना! काम उरलं असतं तर हलले नसते. तिनं वाईट तुकडे देऊन देऊन ते लांबवलं, पण त्यांनीच ते संपवलं.

दारात मात्र थांबले. भिंतीकडे बघितलं, आणि हिला म्हणाले, अगदी अदबीनं, "बाई, माझी बायको इकडं आली, तर तिला हे दाखवा. म्हणावं, तीळ जागेवर बसवलाय."

गाडी गेली.

आता काय, चिमटी आहे. कधी जेवते, कधी नाही. मी नेऊन देते काहीबाही. गादी अजून बाहेरच्याच खोलीत घालते, आत जात नाही; म्हणते, "त्यांना बरं नाही दिसणार." भिंतीसमोर बसते. परवा म्हणाली, "ही काही मी वाटत नाही गं मला. मी अशी नाहीच. ही त्यांना दिसायची ती." मी ताट तिच्या पुढं सरकवलं.

भेटायला जायचं म्हटलं तर संस्थेतली माणसं म्हणतात, एवढ्यात नको, ती आली की ते बावचळतील. मुलगा सांगतो, जेवतात, झोपतात. फक्त संध्याकाळ झाली की दारापाशी जाऊन उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, बायकोनं काम बघितलं का, काही म्हणाली का.

झालं. एवढंच लिही. आणि आता पेन ठेव आणि ऐक. तुझी सुट्टी संपली की तू तिकडंच जाणार ना? मुलानं सांगितलेल्या खुणेवरून ती संस्था तुझ्या कॉलेजच्याच रस्त्यावर आहे, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं. एकदा आत जा. मिस्त्री दारातच असतील. तुला ओळखणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना एवढंच सांग, की ती आली होती, तिनं बघितलं, आणि तीळ अगदी जागेवर बसलाय म्हणाली. आणि निरोप कुणी दिला विचारलं, तर त्या बाईंनी म्हणू नकोस हं, चुकूनसुद्धा. बायकोनं दिला म्हण. सांगशील ना तेवढं?